चौथ्या फ्रिजचा पत्ता

रक्तपेढीत त्यांना सगळे पॉइंटरकाका म्हणत. माणूस तसा भित्रा. घराला कुलूप लावून जिना उतरले की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायचे. बायको खालून ओरडायची, "अहो, तुटेल ते एक दिवस तुमच्या काळजीनंच!" पण याच भित्र्या माणसानं तेवीस वर्षांपूर्वी रक्ताच्या फ्रिजांवर नजर ठेवणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता, आणि तो आजवर एकदाही बंद पडला नव्हता. कोणी कौतुक केलं तर काका म्हणत, "अजून पडला नाही, एवढंच."

गेल्या महिन्यात भिंतीवर नवा मोठा स्क्रीन आला. तो चालवणारा प्रोग्राम स्क्रीनबाईंनी लिहिला, स्क्रिप्टच्या भाषेत. बाई चाळिशीच्या, दोन मुलांच्या आई, बोलायला फटकळ आणि कामाला चोख. दोन्ही प्रोग्रामनी एकाच ताटात जेवायचं ठरलं. दर फ्रिजमागे मेमरीत एक छोटा तक्ता: फ्रिजचा नंबर, तापमान, वेळ. तक्ता बाईंच्या स्क्रिप्टनं तयार करायचा आणि त्याचा पत्ता, सी भाषेत ज्याला पॉइंटर म्हणतात, तो काकांच्या प्रोग्रामला द्यायचा. काकांचा प्रोग्राम दर दहा सेकंदांनी त्या पत्त्यावर तापमान लिहिणार आणि स्क्रीन तिथूनच वाचणार. कुठला रकाना किती बाइटचा, कशानंतर काय, हे जुळवायला दोघांनी अख्खा दिवस घातला होता.

सोमवारी चौथा फ्रिज नवीन आला, तोही जोडला. बुधवारी सकाळी स्क्रीनवर चौथ्याचं तापमान दिसलं: एक हजार आठशे बारा अंश.

"काका, माझा डबा ठेवू का चौथ्यात गरम करायला?" शिपाई म्हणाला. कोणी हसलं नाही.

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी फ्रिज उघडून आतला काचेचा थर्मामीटर बघितला. चार अंश. पण त्यांनी चौथ्याला कुलूपच घातलं. "आत्ता चार आहे हो, पण रात्रभर किती होतं? सहाच्या वर गेलं असेल तर यातली एकही पिशवी मी कुणाला देणार नाही. आणि दुपारच्या ऑपरेशनचं दुर्मिळ गटाचं रक्त याच्यातच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. मला दोनपर्यंत सांगा."

"नोंदीच्या फाइलमध्ये रात्रभर चारच आहे," काका हळूच म्हणाले.

"ती फाइल कोण लिहितं?"

"माझाच प्रोग्राम."

"आणि हा आकडा स्क्रीनवर कोणी पाठवला?"

"त्यानंच," काका म्हणाले. एकाच प्रोग्रामचा एक आकडा खरा आणि एक खोटा, मग कुठल्या तोंडानं सांगायचं की फाइलवर विश्वास ठेवा?

ते आधी स्वतःचीच चूक शोधायला बसले. साडेअकरापर्यंत त्यांनी तेवीस वर्षांपूर्वीची ओळन् ओळ वाचली. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"काका, तुम्ही स्वतःलाच किती वेळ फाशी देणार? जरा माझ्याकडेही संशयानं बघा की!"

"तसं कसं बघू गं?"

"डोळ्यांनी बघा. हे घ्या."

काकांनी बाईंची स्क्रिप्ट वाचली. पहिल्या तिन्ही फ्रिजांचे तक्ते एका यादीत ठेवलेले होते. चौथ्याचा तक्ता मात्र घाईत, वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एका स्वतंत्र तुकड्यात, तयार करून पत्ता पुढे दिला होता.

"हे फंक्शन संपलं की हा तक्ता कोणाकडे असतो?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडे. पत्ता दिला ना मी."

"माझ्याकडे नुसता पत्ता. वस्तू तूच सांभाळायची."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आमच्याकडे ज्याला कोणी धरून ठेवलेलं नाही ते भाषा आपोआप झाडून टाकते आणि ती जागा दुसऱ्या कशाला तरी देते. तुम्ही धरलंय हे तिला कुठून कळणार!"

काकांच्या सी भाषेत मागून घेतलेली जागा आपण परत करेपर्यंत आपलीच राहते, आपोआप कोणी उचलत नाही. पत्ता देणाऱ्यानं वस्तू शेवटपर्यंत जपायची, ही गोष्ट सांगावी लागते हेच त्यांना तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"चूक माझीपण आहे," ते म्हणाले. "कुठे लिहिलंच नाही मी."

"वाटून घेऊ. आधी सिद्ध करा."

त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. स्क्रिप्ट नव्यानं सुरू केली, चौथ्याचा आकडा चार आला. मग बाईंनी मुद्दाम झाडलोटीची आज्ञा दिली आणि त्या जागी स्क्रिप्टला दुसरंच काहीबाही लिहायला लावलं. चाराचे उणे सहाशे झाले. तीनदा केलं, तीनदा बिघडलं. मग चौथ्याचा तक्ताही यादीत धरून ठेवला आणि पुन्हा तेच केलं. चार ते चारच.

"म्हणजे फक्त स्क्रीनचा आकडा खोटा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि फाइल?"

"सेन्सरकडून आकडा आला की आधी फाइलमध्ये जातो, मग तक्त्यात. या तक्त्याला फाइल शिवतसुद्धा नाही." काकांनी ती ओळ दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी चौथ्याच्या दारावरचा नोंदीचा कागद काढून आणला. परिचारिकेनं थर्मामीटर बघून रात्री दहाला, दोनला आणि सकाळी सहाला पेननं लिहिलेले आकडे त्यांनी फाइलशी ताडून पाहिले. तिन्ही जुळले. मधल्या सगळ्या नोंदी त्यांनी स्वतः खाली सरकवत वाचल्या. चार, चार, पाच, चार. कुठेच सहाच्या वर नाही.

"रक्त चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला. "हो, पाठवतेय. दोन पिशव्या."

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. चौथ्याचं कुलूप निघालं. शिपाई रक्त न्यायचा निळा डबा घेऊन झपाझपा गेला, तेव्हा काका त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभे राहिले आणि तिथेच टेकले.

"काका, पाणी देऊ?" बाईंनी विचारलं.

"दे. आणि काही खायला असलं तर तेही दे. सकाळपासून भुकेचं भानच नव्हतं."

बाईंनी आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. खाता खाता काकांनी डाव्या हातानं, एका बोटानं, आपल्या प्रोग्रामच्या वरच्या भागात एक ओळ टाइप केली: 'पत्ता देणाऱ्यानं तक्ता प्रोग्राम बंद होईपर्यंत जपून ठेवावा.'

"स्पष्ट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी," बाई म्हणाल्या. "जेवा आता."