मुठीतल्या शिट्ट्या

डाळ करपल्याचा वास आला की मला बोरिवलीच्या जुन्या घरातली ती सकाळ आठवते. लेक तेव्हा चार वर्षांची होती आणि शाळेच्या प्रवेशासाठी मी तिच्याकडून शंभरपर्यंत आकडे घोकून घेत होते. कुकरच्या शिट्ट्या मात्र ती आपल्या पद्धतीने मोजायची. एक शिट्टी झाली की चवळीचा एक दाणा मुठीत. त्या दिवशी बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता मी विचारलं, "किती झाल्या गं?" तिने येऊन मूठ उघडली. "एवढ्या." मी बघितलंही नाही. "एवढ्या म्हणजे काय? आकडा सांग." ती घाबरली आणि वन, टू करत थेट ट्वेंटीपर्यंत गेली. "शंभर येतात आणि शिट्ट्या मोजता येत नाहीत?" मी तिच्या हातावर फटका मारला, दाणे उडाले. हॉलमधून सासूबाई म्हणाल्या, "अगं, सात झाल्या, गॅस बंद कर." डाळ खाली लागली होती. दुपारी केर काढताना दाणे वेचले. सातच होते. मी ते गुपचूप चवळीच्या डब्यात परत टाकले. आता ती दहावीत आहे. परवा कुकर लावून सहज विचारलं, "किती झाल्या गं?" पुस्तकातून मान वर न काढता ती म्हणाली, "मला नको विचारूस."