मीठवालीची परीक्षा

माझी नात विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकते आणि शिकवतेही. ही दोन्ही कामं एकाच वेळी कशी जमतात, हे आमच्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत तरी कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीत मात्र तिला सगळे मीठवाली म्हणतात. माणूस दिवसाला किती मीठ खातो याचं ती संशोधन करते. आणि ते मोजायचं कशात, तर लघवीत! चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवायची आणि कॅन तिच्या हवाली करायचा. पोरगी दारोदार हे मागत फिरते, तरी कुणी दार लावून घेत नाही.

समोरचे शिंपीकाका लाजले, तेव्हा म्हणाली, "काका, गल्लीभरची मापं घेता. तुमचं एक मला घेऊ द्या की." काका मुकाट्यानं कॅन घेऊन आत गेले.

लहानपणापासून अशीच. आजीनं कालवणात चिमूटभर मीठ टाकलं की हिचा प्रश्न तयार, "चिमूट कुणाची? तुझी की माझी?"

"आधी जेव, मग वकिली कर," आजी म्हणायची. पुढं रक्तदाबानं आजी गेली. नातीनं मिठाचाच विषय का धरला, हे मी कधी विचारलं नाही.

तर एका संध्याकाळी ती तोंड पाडून आली. "आबा, आपली गल्ली गेली."

"कुठं गेली? आत्ता तिथूनच तर आलीस."

"चेष्टा नको. नमुन्यांत मीठ फारच कमी निघालंय. इतकं कमी कुणीच खात नाही. बाई म्हणतात, या नमुन्यांवर विश्वास ठेवता येत नाही, गल्ली वगळा."

बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक. प्रबंधाचा निम्मा भाग आमच्या गल्लीवर उभा होता. गल्ली गेली की वर्षाची पायपीट पाण्यात.

मी चपला अडकवल्या आणि शिंपीकाकांचं दुकान गाठलं. मशीनशेजारी खाऱ्या शेंगदाण्यांची बरणी नेहमीसारखी भरलेली.

"कॅनच्या दिवशी काय खाल्लंत हो?"

"काय खाणार? अळणी. आदल्या दिवसापासून शेंगदाणे बंद. सगळ्या गल्लीनं तसंच केलं. पोरीची परीक्षा ना. आपल्यापायी नापास व्हायला नको."

मी कपाळावर हात मारला.

घरी येऊन सांगितलं. नात आधी हसली, मग बराच वेळ चष्मा पुसत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं बाईंना सगळं खरं सांगितलं. बाई म्हणाल्या, पुन्हा नमुने घ्या, पण दिवस आधी कळवू नका.

मग ती पुन्हा घरोघर गेली. "काका, ही माझी परीक्षा नाही. नेहमी खाता तेच खा."

"आणि वाईट निघालं तर?"

"निघू दे."

निघालंच. गल्ली मर्यादेच्या कितीतरी वर. कुणाचं किती, हे ती ज्याचं त्यालाच सांगते, तसा नियम आहे. पण शिंपीकाका स्वतःच आपला आकडा सांगत सुटले, वर म्हणायचे, सर्वात जास्त मीठ माझंच असणार. बाईंनी गल्ली ठेवून घेतली आणि मीठवाली आली ती बिस्किटं वाटतच.

"बघा आबा," काका म्हणाले, "नापास आम्ही आणि बिस्किटं ही वाटते."

"काका, आता ती बरणी द्या."

"कॅन नेलास, पुरे नाही झालं?"

कुरकुरत त्यांनी बरणी पुढं केली, पण त्याआधी हळूच एक मूठ खिशात गेली. नातीनं बरणी काखोटीला मारली आणि दुसरा हात काकांच्या खिशासमोर धरला.