वकीलीन आणि विलायती कवीचं घर

माझ्या बायकोला गावात सगळे वकीलीन म्हणायचे. शाळेची पायरी तिनं पाहिली नव्हती, पण उलटतपासणी घेतल्याशिवाय ती देवाला निवदसुद्धा दाखवत नव्हती. मेल्यांनी नाव ठेवलं ते बराबर ठेवलं.

जाफराबादेत एका इंजिनिअरसाहेबांकडं ती लई वर्षं स्वयंपाकाला होती. साहेब गाव सोडून लेकीकडं गेले तेव्हा त्यांनी तिला दोन जुनाट चित्रं दिली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, काचेत बसवलेली. दोन्हींत कुठल्याशा विलायती कवीचं खेड्यातलं घर, पुढं नदी, झाडं, दोन गायी. मी म्हणलं, "त्यापरीस साडी मागायची." तिनं ती आमच्या पूर्णाकाठच्या घरात चुलीसमोर टांगली आणि तपासणी सुरू केली.

"धुराड्यातून धूर न्हाई. नदीकाठी घर, आन एक लुगडं वाळत न्हाई! याच्या घरात बाईच न्हाई हो. मंग काय करंल, कविताच करंल."

दसऱ्याआधी आमच्याकडं घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या नदीवर धुतात. एका साली तिनं गोधड्यांबरोबर कवीचं घरही काचेतून काढून धुतलं. आमच्या धुरानं काळं पडलं होतं म्हणे. कागद जाड, फाटला नाही, पण वाळल्यावर घराला सुरकुत्या पडल्या. मी बोंबललो तर म्हणाली, "तुमच्या थोबाडाला न्हाई पडल्या? तुमाला टाकलं का मी?"

मग तिचं काळीज थकलं. डॉक्टर म्हणाले, शहरात ठेवा, जवळ दवाखाना पाहिजे. पोरगा जालन्याहून गाडी घेऊन आला. "माय, चल."

"आधी कवीला ने. त्यो रमला तर मी येते."

बिचाऱ्यानं चित्रं नेऊन सोफ्याच्या वर लावली. मग रोज मोबाईलवर एकमेकांना तोंडं दाखवून भांडण.

"रमला, माय. आता तरी ये."

"रमला तर वाकडा का लटकून राह्यला?"

मला ती जगायला पाहिजे होती. मी समजावलं, शिव्या दिल्या, रुसून उपाशी राहिलो. माझं ताट तिनं गायीला घातलं आणि म्हणाली, "तुमाला जायचं तर जा." कुठं जाणार होतो?

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो, तर ती गेलती.

तेराव्याला फोटो पाहिजे होता. पोराच्या मोबाईलमध्ये एकच धड निघाला, चित्रावरून त्याला झापतानाचा. तोंड उघडं, बोट वर. स्टुडिओवाला म्हणाला, "बाबा, तोंड मिटवून देऊ का? कॉम्प्युटरवर होतं."

"मला जन्मात जमलं न्हाई, तू कोण रे?"

तसाच लावलाय. पोरानं चित्रंही परत आणून दिली. म्हणतो, बाबा, आता तुम्ही तरी चला, एकटे काय करता इथं. मी त्याला अजून हो-नाही काही बोललो नाही. सकाळी चहा घेऊन फोटोसमोर बसतो. बोट वर करून काहीतरी सांगून राह्यली आहे. जा म्हणते का थांब म्हणते, ऐकू येत नाही.