गच्चीवर कुरडया होत्या

पुण्यात बसून उमरखेडचं आभाळ बघायची मला खोड लागली आहे. मोबाईलवर पावसाचा नकाशा असतो, त्यात वादळ लाल डागासारखं सरकताना दिसतं. आई तिथे एकटी राहते. तिचे गुडघे दुखतात आणि मागच्या स्वयंपाकघरावर अजून टिनं आहेत. उन्हाळ्यातलं वावधान, म्हणजे आमच्याकडचं वादळ, आधी टिनांनाच हात घालतं.

यंदा एप्रिलमध्ये ऑफिसात जेवताना सहज पाहिलं, तर डाग नांदेडच्या बाजूने सरळ आमच्या गावाकडे निघालेला. डबा तसाच ठेवून आईला फोन लावला.

"आई, वावधान येतंय. खिडक्या लाव आणि घरातच बस."

"बरं झालं सांगतलं. कुरडया हायेत वरत. आणतो मी पटकन."

फोन बंद. मी कपाळावर हात मारून घेतला. वाळवणाच्या दिवसांत आमच्याकडच्या बाईला वादळाची खबर देणं म्हणजे तिला आपल्याच हाताने गच्चीवर चढवणं. हे मला, तिच्या पोरीला, कळू नये? आणि कुरडया घातल्या होत्या कुणासाठी, तर माझ्यासाठी.

पुन्हा लावला. नुसता वाजत राहिला. शेजारच्या काकूंना लावला, त्याही उचलेनात. नकाशावर उमरखेडचं नाव लाल रंगाखाली गेलं. खिडकीबाहेर पुण्याचं ऊन लख्ख पडलं होतं, मला त्याचाही राग आला. कुरडयांचा तर आलाच.

मग काकूंचाच फोन आला.

"तुही माय माह्याजवळ हाय. चहा पिऊन राह्यली."

आमच्या गच्च्या एकमेकींना चिकटून आहेत. आभाळ भरलं की गल्लीतल्या बायका वर येतात आणि आपल्याबरोबर दुसऱ्यांच्या वाळवणावरही नजर टाकतात. काकू त्यांच्या वाळत घातलेल्या सांडया उचलायला आल्या होत्या. वाऱ्यात कुरडयांच्या खाटेवरची चादर धरून झगडणारी आई दिसली, तशा सांडया टाकून कठडा ओलांडून आल्या आणि तिला दंडाला धरून खाली घेऊन गेल्या.

"आयकेच ना. म्या म्हटलं, पोरीले काय सांगू मंग?"

त्या दोघी खाली पोचल्या आणि आमच्या टिनाचा एक पत्रा उडून त्याच खाटेवर येऊन पडला. हे ऐकून मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडले. काकूंच्या सांडयांचा पार चिखल झाला, तेही मला आईकडून कळलं. माझी आई मला काकूंमुळे राहिली. असं म्हणायला गेले की त्या "कायले बोलतं वो एवढं" म्हणून विषय बदलतात.

आता नकाशावर लाल दिसलं की मी काकूंना फोन करते. त्या पहिला प्रश्न हाच विचारतात, "मायले सांगतलं का?"

"नाही."

"बरं केलं. चालली मी तिच्याकडे."