‘कै.’ लावलेले पत्ते

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत गेलेल्या माणसाचंही नाव छापतात, फक्त आधी ‘कै.’ लावून. नाव गाळलं की भाऊबंदकीत रुसवेफुगवे ठरलेले. माझ्या हाती ईमेलची यादी आली तेव्हा तीही मी पत्रिकेसारखीच सांभाळली, आणि तिथंच माती खाल्ली.

हिंगोलीत मेंढपाळांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी नोकरीला होते. लसीकरणाचं शिबिर कुठं, कधी, हे गावोगावच्या सेवा केंद्रांना आणि शिकलेल्या मेंढपाळांना मेलनं कळवायचं. केंद्रवाला प्रिंट काढून दारावर चिकटवायचा. मोबाइलवर दिवसभर काहीबाही फिरत असतं, त्यावर कुणाचा भरवसा नाही. पण आमच्या शिक्क्याचा कागद दारावर दिसला की माणसं मेंढरं हाकत यायची. मला त्या कागदाचा भारी तोरा होता.

कुरुंद्याजवळच्या खेड्यातला एक मेंढपाळ पहिल्यापासून यादीत होता. तो वारला. महिन्याभरानं त्याची बायको ऑफिसात आली. मी तिला मावशी म्हणायचे.

“ताई, त्येंचं नाव काढू नका. रेशन कार्डावरून काढलं, मतदानाच्या यादीतून काढलं. तुमच्याकडं तरी ऱ्हाऊ द्या.”

तिच्यासमोरच मी नावाआधी ‘कै.’ टाइप केलं आणि पत्ता तसाच ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठंय ते विचारून तिनं त्यावर बोट ठेवलं आणि गेली.

असे तिथं कितीतरी होते. गेलेले, गाव सोडलेले, बंद पडलेले, सगळ्यांचे पत्ते मी जपले. न वापरल्यानं खाती बंद झालेली, त्यामुळं त्यांना धाडलेला मेल दरवेळी परत यायचा. परत आलेल्यांसाठी मी एक वेगळा कप्पा केला आणि तो कधी उघडला नाही. आमचं मेलचं काम बघणारा नांदेडचा तंत्रज्ञ फोनवर वैतागायचा.

“मॅडम, बंद पत्त्यांवर मेल टाकत राहिलात तर समोरची मेल कंपनी तुम्हाला भामटे समजेल. एक दिवस सगळेच मेल अडवतील.”

“आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव असं खोडत नसतात,” मी ठसक्यात म्हटलं.

“मशीनला ‘कै.’ कळत नाही, मॅडम.”

मी हसले. शहाणपणा शिकवतोय मला, असं वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचतात. कोवळं गवत खाऊन हा रोग उठतो आणि धडधाकट जनावर उभ्या उभ्या कोसळतं. त्या वर्षी जनावरांच्या डॉक्टरांनी कुरुंद्याचं शिबिर आठवडाभर अलीकडं घेतलं. तारीख बदलल्याचा मेल मी धाडला. पडद्यावर ‘पाठवला’ असं आलं आणि मी चहाला गेले. शिबिराच्या दिवशी डॉक्टर बर्फाच्या पेटीत लस घेऊन दुपारपर्यंत बसले; एक मेंढरू आलं नाही. “फुकट मिळतंय तर किंमत न्हाई यांना,” असं मी ऑफिसात बोलले. ते शब्द आठवले की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. लस दुसऱ्या तालुक्याला गेली.

आठवड्यानं, जुन्या तारखेला, केंद्रवाल्याचा फोन आला. “ताई, लोकं मेंढरं घिऊन बसून राहिले. डॉक्टर काहून न्हाई आले?”

तेव्हा कुठं मी तो कप्पा उघडला. तारीख बदलल्याचा मेल एकूण एक पत्त्यावरून अडवून परत पाठवलेला होता. मी फोन केले, हातापाया पडले. पण लस फिरून यायला वेळ लागला आणि गवत काही थांबलं नाही.

मावशीचा कळप सगळ्यात आधी गेला. मी पोचले तेव्हा ती खड्ड्याजवळ बसली होती. आत मेंढरं एकावर एक पडलेली, पोटं फुगलेली.

“रोज केंद्रावर इचारून राहिले मी,” ती म्हणाली. “नवा कागदच न्हाई लागला.”

खोटं बोलता आलं असतं. पण जे झालं ते मी सगळं सांगितलं, जमेल तसं, गेलेल्यांच्या पत्त्यांसकट.

ती माझ्याकडं वळली. “म्हंजे त्येंचं नाव ठिवलं म्हणून?”

“एकट्या त्यांचं नाही, मावशी. चूक माझी आहे.”

“काढून टाका,” ती म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑफिसात येऊन मी बंद पडलेले आणि ‘कै.’ लावलेले सगळे पत्ते काढले. तिच्या नवऱ्याचा शेवटी. मग केंद्रवाल्याच्या फोनवरून मावशीशी बोलले. त्या जागी तुमचं नाव टाकते, म्हटलं, केंद्राच्या पत्त्यावर निरोप येत जाईल.

“माझं काहून टाकता, ताई?” ती म्हणाली. “आता टोचायचं कुणाला हाय?”