सरकीला उंबऱ्याबाहेर बंदी

माझ्या सासऱ्यांइतका संशयी माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नाही. आणि झाला आहे असं कोणी सांगितलं असतं, तर हा गृहस्थ आपल्याला हे का सांगतो आहे, या विचाराने त्यांना आठवडाभर झोप लागली नसती. दारात आलेल्या पाहुण्याने जोडे काढायला जरा वेळ लावला, की तो घराच्या भिंती नजरेने मापतो आहे असं ते धरून चालत. कोणी त्यांच्या बैलांची तारीफ केली, तर त्या दिवसापासून बैल पुढच्या अंगणाऐवजी परसात बांधले जात. देवळातल्या पुजाऱ्याने नारळ फोडून अर्धी वाटी हातात दिली, की ते ती उजेडात धरून दुसरी अर्धी मोठी तर नव्हती ना, याचा अंदाज घेत. वैद्याने पुडी दिली तर आधी वैद्याने ती चाटायची, मग यांनी घ्यायची. असा एक वैद्य आमच्या सासूबाईंच्या जुलाबाच्या औषधाने दोन दिवस घरी पडून होता म्हणतात. मी त्यांना मामा म्हणत असे. ते मला जावईबापू म्हणत, पण त्यातला ‘जावई’ हा शब्द ते सावकाश, चव घेऊन पाहिल्यासारखा उच्चारत.

त्यात दिवसही तसेच आले होते. तिकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला. अमरावतीच्या कापूस बाजारात परमुलुखातले दलाल उतरले, साहेबलोकांचे तंबू लागले, गाड्यांच्या धुळीने देवळाचा कळस दिसेनासा झाला. ज्यांच्या बैलांना धड झूल नव्हती त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मामांची शेती वलगावला आणि घर अमरावतीत. घरामागच्या कोठीत त्यांचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता, आणि तो किती आहे हे सासूबाईंनाही माहीत नव्हतं. भाव आणखी चढेल म्हणून सगळेच कापूस दाबून बसले होते आणि दुसऱ्याकडे किती आहे हे काढून घ्यायला टपले होते. त्यामुळे आयुष्यभर ज्या स्वभावाला लोक हसले, तोच आता शहाणपणा ठरला होता. “ज्याले संशय येत नाही न बापू,” ते मला म्हणत, “तो माणूस झोपेल हाय असं समजा.”

अशा या घरात सरकी होती. सरकी म्हणजे त्यांची मांजर. कापसातल्या सरकीच्या बीसारखा करडा रंग, म्हणून हे नाव. कोठीतल्या कापसातल्या खऱ्या सरकीवर उंदीर येत, आणि त्या उंदरांवर ही सरकी. तिच्या कर्तबगारीबद्दल मामांना फार अभिमान होता. पण तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला सक्त बंदी होती. खिडक्यांना त्यांनी जाळ्या ठोकून घेतल्या होत्या. सकाळी ते स्वतः तिच्या गळ्यात सुताची दोरी बांधून तिला अंगणात आणत आणि ती तुळशीपाशी ऊन खात बसली, की दोरीचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून शेजारी बसत. गल्लीतून जाणारे लोक हसत. हसणाऱ्यांचे चेहरे मामा लक्षात ठेवत.

सासूबाईंना हे बघवत नसे. “अवो, मांजर हाय ते. गाय नोहे दावं लावाले,” त्या म्हणत. “चार घरं फिरली तर काय झिजन तिचं?”

“चार घरं फिरली तर चार घरचे उंदीर खाईन,” मामा म्हणत. “दूध माह्यं, अन् उंदीर त्यायचे? आपल्या पैशानं गावाची राखण कावून करू म्या?”

“मंग पोट भरलं म्हंजे येईन न घरी.”

“येईन. पण काय पाहून येईन, कोनाच्या घरचं काय खाऊन येईन, अन् तिच्या मांगं मांगं कोन येईन?”

यावर सासूबाई कपाळाला हात लावत. पण मामांचा हा नुसता बोलण्यातला संशय नव्हता, तो ते तपासूनही पाहत. एकदा जाळीची कड सैल होऊन सरकी घटकाभर बाहेर राहिली. परत आली तेव्हा मामांनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या मिशांना नाक लावून वास घेतला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, “म्हशीचं दूध. आपल्या घरी गाय हाय!” गल्लीत म्हैस फक्त भिंतीपलीकडच्या काकांकडे होती.

हे काका म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांच्या परसांमध्ये एकच मातीची भिंत. पूर्वी रोज संध्याकाळी दोघं त्या भिंतीला टेकून पान खात बसायचे, असं माझी बायको गिरजा सांगे. कापसाला भाव आला आणि ते बसणं बंद झालं. काकांनी सहज विचारलं होतं, “यंदा कोठी भरली वाटते?” बस्स. त्या दिवसापासून मामा त्यांच्याशी पावसापाण्यापलीकडे बोलले नाहीत. काकाही मानी. तेही चौकात उभं राहून, आपली कोठी कशी फुटायला आली आहे, हे मामांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात दुसऱ्या कोणाला तरी सांगत.

मी अकोल्याला शाळेत मास्तर होतो. आमचं लग्न होऊन काळ लोटला होता, गिरजा मोठी झाली होती, पण तिची पाठवणी काही होत नव्हती. कधी वेचणी चालू आहे, कधी रस्ता धड नाही, कधी नुसतंच “पाहू”. शेवटी माझ्या आईने मला गाडी देऊन धाडलं आणि बजावलं, की सुनेला घेतल्याशिवाय येऊ नकोस. मी अमरावतीला पोचलो तर मामांनी माझी विचारपूस केली ती चोराची चौकशी करावी तशी. अकोल्यात घर केवढं, शेजारी कोण, घराला मागून दार आहे काय, मागून दार कशाला ठेवलं? जेवताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “यंदा अकोल्यात उंदीर लई झाले, मामा.” मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात झोपलेल्या सरकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकी नाहीशी झाली.

“सरकी गेली! सरकी चोरली कोनं!” मामा अंगणात उभे राहून ओरडले. आता ज्या गावात घरोघर कापूस दाबून ठेवलेला, तिथे या ओरडण्याचा परिणाम काय व्हावा? गल्ली धावत आली. कोणी काठ्या आणल्या. एक जण शिपायाला बोलवायला गेला. बाजारात वार्ता पोचेपर्यंत मामांची पेरणीची सगळी सरकी लुटली गेली होती, आणि तिथून ती फिरून गल्लीत आली तेव्हा अर्ध्या अमरावतीची सरकी लुटारूंनी गाड्या भरून नेली होती. शिपाई आला, त्याने मिशीवर हात फिरवून विचारलं, “कितीक गेली?”

“एकच होती!” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला.

लोक हसत हसत पांगले. मामांना त्याचं भान नव्हतं. ते तडक माझ्या गाडीपाशी गेले. वळकटी सोडली, कडब्यात कोपरापर्यंत हात घातला, फराळाच्या डब्याचं झाकण उघडून पाहिलं. माझ्या सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला राग यायला हवा होता. पण कडब्यात हात फिरवताना ते हळू आवाजात “सरके, सरके” म्हणत होते, आणि तो आवाज चोराला पकडायला निघालेल्या माणसाचा नव्हता.

तेवढ्यात परसातून गिरजेची हाक आली. “बाबा, अथी या. भिंतीच्या तिकून आवाज येऊन राह्यला.” आम्ही कान लावला. पलीकडून, काकांच्या कोठीतून, बारीक बारीक म्याव ऐकू येत होतं. एका मांजरीचं नव्हे, अनेकांचं.

मामांचा चेहरा उजळला. अखेर त्यांचा एक संशय खरा निघाला होता! ते तरातरा काकांच्या दारात गेले, मी मागोमाग. “माह्यी मांजर काढ बाहेर,” ते म्हणाले.

काका कोठीच्या दारात आडवे उभे राहिले. “मले नाही मालूम तुह्यी मांजर. जा घरी.”

“दार उघड.”

“नाही उघडत. माह्या कोठीत किती माल हाय ते पायतं का तू?”

आतून पुन्हा म्याव आलं. काकांचा चेहरा पडला होता. मला वाटलं चोरी पकडली गेली म्हणून असेल. मग त्यांनी कसलासा निश्चय केल्यासारखी कडी काढली आणि बाजूला झाले.

कोठी रिकामी होती. आढ्यापर्यंत काय, गुडघ्यापर्यंतही कापूस नव्हता. भाव चढायच्या आधीच त्यांनी सगळा विकून टाकला असणार, आणि नंतर लाजेने चौकात बढाया मारल्या असणार. एका कोपऱ्यात मात्र थोडा झाडून गोळा केलेला कापूस होता. त्यावर सरकी आडवी पडलेली, आणि तिच्या पोटाशी डोळे मिटलेली पिल्लं. ज्या माणसाला सगळ्या गावाच्या पोटातलं कळत होतं, त्याला स्वतःच्या मांजरीचं पोट दिसलं नव्हतं.

“पाह्यलं?” काका म्हणाले. त्यांना मामांकडे बघवत नव्हतं. “जा आता. सांग पेठंत.”

मामांनी त्या उघड्या जमिनीवरून, कोरड्या भिंतींवरून नजर फिरवली. मला भीती वाटली, की आता ते काही बोलतील आणि ते शब्द कधी पुसले जाणार नाहीत.

“काय सांगू?” ते म्हणाले. “म्या काय पाह्यलं अथी? म्या मांजर पाह्यली.”

ते खाली बसले, सरकीच्या कपाळावर एक बोट फिरवलं. तिला उचलतील म्हणून मी पुढे झालो, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. “राहू द्या, बापू. बाळंतीन हाय. तिनं पाहून जागा घेतली असन.” मग काकांकडे न बघता म्हणाले, “म्हशीचं दूध देत जाय तिले. पचते तिले, मले मालूम हाय.”

घरी येऊन त्यांनी खिडकीची ती पुन्हा सैल झालेली जाळी स्वतःच्या हाताने उपटली. कोणाला काही सांगितलं नाही. काकांच्या कोठीबद्दल तर त्यांनी सासूबाईंनाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोणावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात दुसऱ्याची गोष्ट केवढी सुखरूप राहते, हे मी तेव्हा पाहिलं.

त्यानंतरच्या चांगल्या दिवशी गिरजेची पाठवणी झाली. मामांनी गाडीची चाकं तपासली, बैलांचे खूर पाहिले, गाडीवानाला त्याच्या बापाचं नाव दोनदा विचारून दोन्ही खेपांना तेच येतं की नाही याची खात्री केली. सासूबाई आणि गिरजा एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मामांनी मला गाडीच्या मागच्या बाजूला नेलं. एखादा संशय सांगतील असं वाटलं. पण ते बराच वेळ पगडी सारखी करत राहिले.

“बापू,” ते म्हणाले, “तिले घरात कोंडून नोका ठेवू.”

पुढे ती अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन खाली आला. दलाल गेले, तंबू उठले. शिंगांवरच्या चांदीच्या शेंब्या सोनारांकडे गेल्या. मामांनी अखेरपर्यंत दाबून ठेवलेला कापूस मिळेल त्या भावाने विकला. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. खरा फटका बसला तो वेगळाच. आता घरावर नजर ठेवायला कोणी येत नव्हतं. कोणी त्यांच्या बैलांची तारीफ करत नव्हतं. आगगाडी झाल्यावर मी बडनेऱ्याला उतरून त्यांच्याकडे जात असे, तेव्हा ते दारात बाजेवर बसलेले दिसत. सरकीच्या नाती-पणत्या भिंतीवरून हव्या तिथे जात-येत, आणि त्या कुठून आल्या, हे मामा विचारतही नसत. मला राहवत नसे. मी मुद्दाम परसातून चक्कर मारून येई, गोठ्यात जरा जास्त वेळ रेंगाळे, गड्याशी कुजबुजल्यासारखं करी. मग त्यांच्या डोळ्यांत जुनी धार येई. “काय पाहून राह्यले तिकडे?” ते विचारत, आणि त्या दिवशी भाकरी थोडी जास्त खात.

शेवटच्या खेपेला काकाही तिथेच होते. मी त्यांना बाजूला घेऊन भिंतीपाशी उभा राहिलो आणि उगाचच त्यांच्या कानाला लागलो. काका समजले, तेही गंभीर चेहरा करून मान हलवू लागले. मामांनी आमच्याकडे पाहिलं. आता ओरडतील म्हणून मी वाट पाहत होतो. पण ते बाजेवर थोडे सरकले, हाताने जागा झटकली आणि म्हणाले, “अथी बसून बोला न. मलेबी ऐकू येईन.”

आम्ही दोघं जाऊन त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो. आमच्यापाशी बोलायला काहीच नव्हतं. ते मात्र मान पुढे करून ऐकत होते.