अस्वल आधी सोडत नाही

आमचे हे अस्वल आहेत. म्हणजे नोकरीनं. लग्न ठरताना मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा मोठ्या पार्कात कामाला आहे आणि लोकांशी फार संबंध येतो. संबंध येतो हे खरंच निघालं. पाळणे, घसरगुंड्या, भुताचा बोगदा असं सगळं असलेल्या त्या पार्कात शिरल्याबरोबर कारंजं लागतं. त्या कारंज्यापाशी तपकिरी केसाळ पोशाख घालून उभं राहायचं आणि येईल त्याला मिठी मारायची, हे ह्यांचं काम. माणूस दाराच्या चौकटीएवढा. पोशाख म्हणे आधी शिवून ठेवला होता आणि त्यात मावणारा माणूसच मिळत नव्हता. हे तिथं बिस्किटांचे खोके पोचवायला गेले आणि अस्वल होऊन परत आले.

अस्वलाला नियम तीनच. तोंडातून शब्द काढायचा नाही. पाहुण्यांसमोर डोकं उतरवायचं नाही. पार्कात तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला पाहुणाच म्हणतात बरं का, मग तो कितीही वात्रट असो. आणि तिसरा नियम, मिठी अस्वलानं आधी सोडायची नाही. समोरच्याचं पोट भरलं की तो आपणहून सोडेल, तोवर उभं राहायचं.

दिवसभर असं वागल्यावर माणूस घरी कसा वागणार? अगदी तस्साच. भाजीत मीठ जास्त झालं का विचारलं तर मान हलवायची. वीजवाल्याला दारातच मिठी मारलेली, तो बिचारा मीटर न बघताच गेला. माझ्या भाचीच्या लग्नात तर कहरच झाला. आमचे मामा, माझ्या आईचे भाऊ, जुन्या वळणाचे. जावयानं एवढ्या प्रेमानं धरलंय तर आपण आधी कसं सोडायचं, बरं दिसत नाही, म्हणून तेही सोडेनात. हे तर सोडणारच नव्हते. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, हे दोघे मांडवाच्या मधोमध तसेच. शेवटी मामी आली आणि तिनं मामांच्या कानात ओरडून सांगितलं, "अहो, जेवण संपलंय!" तेव्हा कुठे सुटले. मामा अजून सांगतात, असा जावई होणे नाही.

मीही सगळ्यांना सांगायची, आमचे हे अस्वल आहेत. हसायचे लोक, हसू देत. गल्लीत मला अस्वलीणबाई म्हणायचे, मी फणकाऱ्यानं ओ द्यायची. संध्याकाळी दार उघडलं की हे तिथंच मला मिठीत घ्यायचे. अंगाला पोशाखाचा तो आंबूस वास! मी म्हणायची, "शी! सोडा. आधी आंघोळ!" आणि ढकलून द्यायची. सोडायची नेहमी मीच. ह्यांना ते जमतच नव्हतं.

आणि मग गेल्या वर्षी कधीतरी ते बंद झालं. दार उघडलं की हे बाजूनं आत सटकायचे, हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसायचे. मला वाटलं दमले असतील. पण रोज? सणसणीत उंचीचा हा माणूस, वरच्या फळीवरचा डबा काढा म्हटलं तर जाऊन स्टूल आणायचा! स्टुलावर चढून डबा पोटाशी धरून उतरायचा. भांग पाडायचा तर कंगवा खाली धरून डोकंच त्याच्याकडे न्यायचं. गळ्यातून घालायचे सदरे सगळे टाकून दिले, बटणांचे आणले. मी म्हटलं, काय हा आळस! आता हात वर करायचाही कंटाळा? काही विचारलं की एकच उत्तर, "नंतर बोलू." आमच्या घरी नंतर कधी उजाडलंच नाही.

गावभर मिठ्या आणि घरात ठणठणाट. कुठल्या बाईनं सहन करावं? माझं डोकंच फिरलं. एके सकाळी हे कामावर गेल्यावर मी बॅग भरली. ताईला फोन केला की मी येतेय, ती म्हणाली किती दिवस, मी म्हटलं माहीत नाही, कदाचित कायमची. दुपारची बस होती. पण न सांगता जायला मी काही चोर नाही. घरी सांगितलं असतं तर पुन्हा "नंतर बोलू" झालं असतं. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अस्वलाला "नंतर बोलू" म्हणताच येत नाही! आणि अस्वल आधी सोडतही नाही. बसच्या वेळेपर्यंत धरून ठेवायचं आणि सगळं एकदाचं ओकून टाकायचं.

रीतसर तिकीट काढून गेले. खिडकीतली बाई माझी बॅग बघून म्हणाली, "वा! मुक्कामाच्या तयारीनं आलात!" आणि इतकी गोड हसली की मला तिचाही राग आला. तिथं सगळ्यांनी हसलंच पाहिजे असा दंडक आहे. झाडूवाला हसतो, भुताच्या बोगद्यातलं भूत बाहेर सोडताना "जपून जा हं" म्हणतं. रडायला जायची ती जागाच नाही.

कारंज्यापाशी अस्वल उभं होतं. शेजारी एक पेंग्विन पोरांना झेंडे वाटत होता. मी रांगेत उभी राहिले, नंबर आला तशी बॅग खाली ठेवली आणि अस्वलाला कडकडून मिठी मारली.

"ओळखलंत ना?" मी म्हटलं. "आता ऐका मुकाट्यानं."

अस्वल दचकलं. मी म्हटलं, दचका, दचकाच! आणि जी सुरू झाले ती थांबलेच नाही. स्टूल काढलं, कंगवा काढला, हात मांडीखाली घालून बसणं काढलं. "मी काय काटेरी आहे का? बाहेरच्या कोणीही तिकीट काढावं आणि मिठी घ्यावी, आणि लग्नाच्या बायकोनं बघत बसावं? आज मीही तिकीट काढून आलेय. बघू कसे सोडता!"

अस्वल मान हलवत होतं. हो म्हणतंय की नाही, कळत नव्हतं. एक मात्र जाणवलं, माझे हात पाठीमागे पार एकमेकांना पोचले. एरवी कधी पोचत नाहीत. किती वाळलाय हा माणूस! पण म्हटलं आता विरघळायचं नाही, आणि आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात तो पेंग्विन मध्ये मध्ये करायला लागला. पोटानं मला ढुशी देई, झेंडा पुढे करी. मी म्हटलं, "ए पेंग्विना, नवराबायकोच्या मध्ये पडू नकोस, झेंडा घे आणि तिकडे जा." तर तो बाजूला झाला आणि माझ्या बॅगेवरच बसला. असेल बाबा इथली पद्धत, सामानाची काळजी घेत असतील, म्हणून मी त्याचा नाद सोडला. अंगानं दणकट होता, बॅगेचा पार चपटा पापड केला त्यानं.

मागे रांग वाढत चालली. पण तिथली माणसं किती प्रेमळ! चक्रीपाळणेवाला खुर्ची घेऊन आला, उंच स्टूलच होतं ते, म्हणाला, "ताई, टेका जरा, मिठी मारता मारता बसता येईल." झाडूवाल्यानं माझ्या डोक्यावर छत्री धरली. खिडकीतली बाई पाणी घेऊन आली. फोटो काढणारा म्हणाला, "तुम्ही चालू ठेवा, आम्ही मागून काढतो." आता किती अनोळखी घरांच्या भिंतीवर माझी पाठ टांगलेली असेल, देव जाणे. रांगेच्या शेवटच्या लोकांना तर पुढे काय आहे हेच माहीत नव्हतं. एवढी गर्दी आहे म्हणजे चांगलंच काहीतरी असणार, म्हणून ते येतच राहिले.

मग साहेब आले. ह्यांचे वरिष्ठ. त्यांनाही हसण्याचा नियम लागू, त्यामुळे माणूस घामाघूम होऊनही बत्तीशी दाखवत होता.

"बाई, समाधान झालं का?" ते हसत म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"काही घाई नाही," ते हसत म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्याला हात लावून दूर करायची सोय नव्हती आणि अस्वलाला सोड म्हणायची तर मुळीच नव्हती. साहेब गेले आणि भोंग्यावरून सूचना झाली, "अस्वलाकडे वेळ लागत आहे. पाहुण्यांनी तोवर बोगद्यात जाऊन घाबरून यावं."

माझी बसची वेळ होत आली होती. आवाज बसला होता. शेवटचं म्हणून जे मनात होतं ते बोलून टाकलं. "मी ताईकडे चाललेय. परत येईन असं वाटत नाही. तुम्हाला मी नकोशी झालेय, तर स्पष्ट सांगा. एकदा तरी तोंड उघडा हो!"

आणि अस्वलानं तोंड उघडलं.

"वहिनी," आतून खोल आवाज आला, "पाया पडतो, सोडा आता. मी ते नाही. मी बदली अस्वल. मला तीन पोरं आहेत."

"अस्वल बोललं!" रांगेतली पोरं किंचाळली. मी अशी मागे उडाले की छत्रीवाला छत्रीसकट कारंज्यात गेला. परक्या पुरुषाला, भर दुपारी, अख्ख्या रांगेसमोर! लाजेनं माझा नुसता बीट झाला. "मग ते कुठे आहेत?" मी विचारलं.

अस्वलानं पंजा वर केला आणि माझ्या बॅगेकडे दाखवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! इतका वेळ माझं सगळं बोलणं ऐकत पेंग्विन बॅगेवर बसून होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "उठा," मी म्हटलं. पेंग्विननं नाही म्हणून मान हलवली. "अहो, उठा! माझी बस जाईल." तर तो आणखीच दाबून बसला.

माझा संताप संताप झाला. मी त्याचा पंख धरला आणि उठवायला वर ओढला.

"आई गं!" आतून आवाज आला.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ह्यांच्या पायावर खलबत्ता पडला तेव्हाचा आवाज. मी दुसरा पंख हळूच उचलून बघितला. कमरेपर्यंत आला आणि तिथंच अडला. पोशाख अडत नव्हता. आतला हात अडत होता.

"दोन्ही खांदे आखडलेत," पेंग्विन म्हणाला. "वर्ष होत आलं. मिठी मारता येईना, मग साहेबांनी इकडे टाकलं. ह्या कामाला हात वर करावे लागत नाहीत."

स्टूल. कंगवा. बटणांचे सदरे. मी त्याच्यासमोर खाली बसले. "मग बोलला का नाहीत? वर्षभर मूग गिळून बसलात!"

"तू सगळ्यांना सांगतेस ना," पेंग्विन म्हणाला, "आमचे हे अस्वल आहेत म्हणून."

असा राग आला, असा राग आला की रडूच फुटलं. "अहो, वेडे की खुळे तुम्ही! मी काय अस्वलाशी लग्न केलं होतं का?"

"बोललो, नियम मोडला," पेंग्विन खालच्या मानेनं म्हणाला. "आता कदाचित भुताच्या बोगद्यात पाठवतील."

"तिथंही तिकीट काढून येईन," मी म्हटलं आणि बसल्या जागी त्याला मिठी मारली. ह्यांचे पंख तसेच खाली लोंबत राहिले. चोच माझ्या टाळूला टोचत होती.

साहेब धावत आले, अर्थात हसत. "बाई, बाई! पेंग्विनला मिठी नसते. नियमात नाही."

"मग पेंग्विनची मिठी आधी कुणी सोडायची?" मी विचारलं.

साहेबांनी विचार केला. "ते ठरलेलं नाही," ते म्हणाले.

"मग ठरवा सावकाश," मी म्हटलं.

ते ठरवायला गेले. माझी बस केव्हाच गेली असणार. मागे पेंग्विनसाठी नवी रांग लागत होती आणि ओला झाडूवाला ती सरळ करत होता. चोचीखालच्या फटीतून तोच वास येत होता, दारातला, आंबूस. आंघोळीचं मी नावही काढलं नाही.